हजार वर्षांचं चहाचं झाड: खरं किती, सांगोवांगी किती?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. जावईबापूंनी चीनमधून पु-अर, म्हणजे तिथल्या युन्नान प्रांतातल्या, चहाची दाबलेली चकती आणली आहे, आणि वेष्टनावर ती 1200 वर्षांच्या झाडाच्या पानांची असल्याचं छापलं आहे. चहाचं झाड इतकं जगतं का, जगत असेल तर आसाम-दार्जिलिंगला अशी झाडं का दिसत नाहीत, आणि एवढी महागाची चकती प्यायची की जपून ठेवायची, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

माझं आयुष्य चहा चाखण्यात गेलं. आधी कोलकाता आणि गुवाहाटीच्या लिलावासाठी, पुढे युन्नानहून माल मागवणाऱ्यांसाठी. शेकडो वर्षांची चहाची झाडं आहेत, यात मला शंका नाही. तुमच्या वेष्टनावरचा आकडा मात्र कुणी मोजलेला नाही, आणि तो तसा मोजताही येत नाही. वारसा म्हणाल तर तो झाडाच्या वयात शोधू नका. झाडाभोवतीचं जंगल, ते राखणारं गाव आणि खुडणीवर त्या गावाने घातलेली बंधनं यांत तो आहे. हे तिन्ही जिथे टिकलं तिथे झाडं टिकली. जिथे नुसत्या झाडाला पाटी लावली, तिथली काही नामांकित झाडं मेलीसुद्धा.

आधी झाडाविषयी. चहा म्हटलं की आपल्याला कमरेएवढं, वरून सपाट झुडूप आठवतं. ती सपाटी माणसाने केलेली आहे. मळ्याच्या भाषेत तिला 'टेबल' म्हणतात. ठरावीक वर्षांनी छाटणी आणि हंगामात आठवड्याला खुडणी, यामुळे झाडाला वर जायला वावच मिळत नाही. छाटणी थांबवली की चहा पुन्हा झाड होतो. हे बघायला चीनला जायला नको. आसामच्या जुन्या बागानांत 'गुटी बारी' असे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेला तुकडा. तिथे चहाला कात्री लावत नसत. सरळसोट खोडाची, दुमजली घराएवढी झाडं, त्यांना पांढरी फुलं आणि खाली पडलेली टणक बोंडं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा चहा आहे हे सांगावं लागतं.

चहाच्या दोन मुख्य जाती. एक चिनी, बारीक पानाची. ती बुंध्यापासूनच फुटते, झुडूपच राहते आणि थंडी सोसते. दुसरी आसामी म्हणून ओळखली जाणारी, मोठ्या पानाची, एका खोडाने वर जाणारी. नाव आसामी असलं तरी ही मोठ्या पानाची जात युन्नानमध्ये पिढ्यान् पिढ्या लावली जाते आणि तिथली बहुतेक लागवडीची म्हातारी झाडं हिचीच आहेत. याशिवाय जंगलात चहाचा एक सख्खा भाऊबंद आहे, कॅमेलिया टॅलिएन्सिस. दिसायला चहासारखाच, पण वेगळी प्रजाती. 'जगातलं सर्वांत जुनं चहाचं झाड' म्हणून ज्या फोटोंची देवाणघेवाण चालते, त्यातली काही झाडं या प्रजातीची आहेत, हे खाली बारीक अक्षरातसुद्धा लिहिलेलं नसतं.

युन्नान हा चीनचा नैर्ऋत्य कोपरा, म्यानमार-लाओस-व्हिएतनामला लागून. मेकाँग नदी तिथून वाहते तेव्हा तिचं नाव लानत्सांग असतं. या नदीच्या पूर्वेला यिवू, यिबांग, मानझुआन असे सहा जुने 'चहाचे डोंगर', ज्यांचा माल पूर्वी खेचरांवरून तिबेटकडे आणि राजधानीकडे जायचा. पश्चिमेला नान्नुओ, बुलांग, बादा, जिंगमाई. उत्तरेला लिनत्सांग. नामांकित जुनी झाडं बहुतेक याच भागात आहेत आणि प्रत्येक डोंगराला आपला एक 'राजा' आहे. फेंगछिंगजवळच्या श्यांगझुछिंग गावच्या झाडाला 3200 वर्षांचं म्हणतात. आइलाओ डोंगरातल्या छ्येनज्याझाईच्या झाडाला 2700. लानत्सांग परगण्यातल्या बांगवेई गावचं झाड 1000 वर्षांचं मानतात. ते जंगली आणि लागवडीच्या झाडांमधल्या टप्प्यावरचं आहे असं अभ्यासकांचं म्हणणं पडलं. 1997 साली चीनने चहावर टपाल तिकिटांचा संच काढला, त्यात त्याला जागा मिळाली.

आता हे आकडे येतात कुठून? खोडाची वलयं मोजून नाही. हिवाळा सौम्य असतो तिथे चहाच्या खोडात वलयं पुसट आणि बेभरवशाची उमटतात, आणि म्हाताऱ्या झाडाचा गाभा बहुधा पोकळ झालेला असतो. म्हणजे सर्वांत जुनं लाकूड, ज्याचं कार्बन पद्धतीने वय काढता आलं असतं, तेच कुजून गेलेलं. जिथे गाभा शाबूत आहे तिथे भोक पाडून नमुना काढणं म्हणजे झाडाला जखम करणं. म्हणून मग घेर मोजतात, वर्षाला घेर किती वाढत असेल त्याचा अंदाज धरतात आणि भागाकार करतात. यातला भाजक ज्याला हवा तसा धरता येतो. त्यात एकाच बुंध्यातून फुटलेली तीन-चार खोडं काळाच्या ओघात जुळून एक झालेली असली तर घेर वाढतो, वय नाही. उलट काही झाडं मधल्या काळात बुडापासून छाटली गेली. त्यांच्या फांद्या तरुण दिसतात, मुळं मात्र जुनी असतात. त्यामुळे 'तीनशे ते पाचशे' म्हणणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. '1268 वर्षं' म्हणणाऱ्याकडून मी माल घेत नाही.

खुद्द युन्नानच्या कायद्याने या भानगडीतून शहाणपणाने वाट काढली आहे. 1 मार्च 2023 पासून तिथे जुन्या चहाच्या झाडांच्या संरक्षणाचे नियम लागू झाले. त्यात जंगली झाड, जंगली आणि लागवडीच्या मधलं झाड, आणि लागवडीचं असेल तर 100 वर्षांच्या वरचं झाड, एवढ्यांना 'गुशू', म्हणजे जुनं झाड, धरलं आहे. हजाराचा कुठे उल्लेखही लागत नाही. शंभरी ओलांडलेलं लागवडीचं झाड पुरेसं मौल्यवान आहे, ही भूमिका मला पटते.

राजांचं काय झालं ते ऐका. नान्नुओ डोंगरावर 1950 च्या दशकात एक लागवडीचं झाड नजरेत आलं. त्याचं वय 800 सांगत, आणि चहाचं मूळ चीनमध्ये की भारतात या वादात त्याला साक्षीला उभं केलं जाई. ते 1990 च्या दशकाच्या मध्याला मेलं. बादा डोंगरातलं जंगली झाड 1961 मध्ये जगापुढे आलं, 1700 वर्षांचं म्हणून गाजलं, आणि 2012 मध्ये कोसळलं. म्हातारं झाड कधीतरी जाणारच, त्याला इलाज नाही. पण प्रसिद्धी झाडाला मानवत नाही हे बागकाम करणारा कुणीही सांगेल. रस्ता येतो, माणसं येतात, बुंध्याभोवतीची माती तुडवली जाऊन घट्ट होते. मग कुणीतरी सोयीसाठी फरशी घालतं, कठडा बांधतं. मुळांना हवा मिळत नाही. आसपासची मोठी झाडं फोटो नीट यावा म्हणून तोडली जातात आणि सावलीत वाढलेल्या खोडावर थेट ऊन पडायला लागतं. अशा झाडाला दोरी बांधून पाटी लावली म्हणजे संरक्षण झालं, असं मानणारी मंडळी तिथेही आहेत आणि आपल्याकडेही.

याच्या उलट उदाहरण जिंगमाईचं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं तेच आहे. हा डोंगर पु-अर शहराच्या हद्दीत, म्यानमारच्या सीमेजवळ. सप्टेंबर 2023 मध्ये रियाधला भरलेल्या बैठकीत युनेस्कोने जिंगमाईच्या जुन्या चहावनांना जागतिक वारसा यादीत घेतलं. चहा हाच मुख्य विषय असलेलं ते त्या यादीतलं पहिलं ठिकाण. नोंद कशाची झाली ते मुद्दाम बघा: पाच जुनी चहावनं, नऊ गावं, आणि त्यांच्या मधे राखलेली तीन संरक्षक रानं. एकाही झाडाचं वय त्या नोंदीचा आधार नाही.

इथे ब्लांग आणि दाई लोक राहतात. दहाव्या शतकापासून त्यांनी जंगल न तोडता जंगलातच चहा लावला. उंच झाडं तशीच ठेवायची, मधल्या थरात चहा, खाली गवत-वनस्पती. वरच्या छत्रामुळे ऊन गाळून येतं, पालापाचोळा कुजून खत होतं, पक्षी आणि कोळी किडीचा बंदोबस्त करतात. चहाच्या फांद्यांवर ऑर्किड आणि शेवाळ असतं. एक बांडगूळही येतं, त्याला तिथले लोक 'खेकड्याचे पाय' म्हणतात आणि वाळवून चहात टाकतात. बाहेरून बघणाऱ्याला हे रानच वाटतं. आत गेल्यावर झाडांमधलं अंतर आणि पायवाटा बघून कळतं की ही बाग आहे.

ब्लांग लोक आपल्या मूळपुरुषाचं, पा आइलेंगचं, नाव घेतात. मरताना तो म्हणाला अशी त्यांची आख्यायिका आहे की, तुमच्यासाठी गुरंढोरं ठेवली तर रोगराईने मरतील, सोनंनाणं ठेवलं तर खर्चून टाकाल, म्हणून चहाची झाडं ठेवून जातो. एप्रिलच्या मध्याला त्याच्या नावाने उत्सव होतो. प्रत्येक घराच्या बागेत एक झाड 'चहाच्या देवा'चं असतं आणि खुडणीची सुरुवात त्याची पूजा करून होते. ब्लांग घरांच्या छपरावर लाकडात कोरलेली एक कळी आणि दोन पानं असतात. शेजारच्या दाई घरांवर म्हशीची शिंगं. आम्ही लिलावात ज्याला 'टू लीव्ज अँड अ बड' म्हणत जन्म काढला, ती खुडणी यांनी घराच्या आढ्यावर चढवली आहे, हे पाहून मला गंमत वाटली.

आपल्या वाचकाला इथे देवराई आठवेल. मलाही आठवली. पण फरक मोठा आहे. देवराईतून काही न्यायचं नाही हा नियम. जिंगमाईत न्यायचं, विकायचं, त्यावर घर चालवायचं, आणि तरी झाड राहिलं पाहिजे हा नियम. तो पाळणं जास्त अवघड. त्यासाठी गावांनी काही बंधनं घालून घेतली आहेत: बाहेरची पानं डोंगरावर आणून तिथला माल म्हणून विकायची नाहीत, चहावनात रासायनिक खत-औषध नाही, छत्राची झाडं तोडायची नाहीत, पावसाळ्याच्या बहरात झाडाला सुट्टी द्यायची. शेवटचा मुद्दा शहरातल्या गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. वसंतातली खुडणी झाडाने मुळांत साठवलेल्या अन्नावर होते. उन्हाळ्या-पावसाळ्यात आलेली पानं झाडावर ठेवली तरच तो साठा पुन्हा भरतो. बारा महिने ओरबाडलं तर म्हातारं झाड चार-पाच वर्षांत फांद्या टाकायला लागतं.

आणि ओरबाडण्याचा मोह केवढा आहे! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युन्नानमध्येही आपल्यासारखीच दाट ओळींची, पायऱ्यांवरची लागवड झाली, तिला 'ताईदी' म्हणतात. त्या काळात जुनी झाडं म्हणजे अडगळ. उत्पन्न कमी, खुडायला वर चढावं लागतं. कितीतरी झाडं उत्पादन वाढवायचं म्हणून कमरेपाशी छाटली गेली. मग नव्वदच्या दशकापासून हाँगकाँग-तैवानचे शौकीन जुन्या चकत्यांच्या मागे लागले आणि पारडं फिरलं. 2007 च्या वसंतापर्यंत पु-अरचे भाव फुगत गेले आणि मग फुगा फुटला. त्याच वर्षी सिमाओ शहराचं नाव बदलून पु-अर केलं गेलं, यावरून हवा किती गरम होती ते समजेल. फुगा फुटला तरी जुन्या झाडांच्या मालाची किंमत राहिली, उलट लाओबानझांगसारख्या गावांचा माल सोन्याच्या भावाने जायला लागला. ज्या झाडाला कुणी विचारत नव्हतं त्याच्या एका वसंताच्या पानांचा आगाऊ सौदा होऊ लागला. पैशाने झाडं वाचवली हे खरं आहे, कारण आता ती कुणी तोडत नाही. त्याच पैशाने त्यांना दमवलं हेही तितकंच खरं.

चवीत फरक असतो का? असतो, पण तो वयाचा आहे असं ठामपणे म्हणायला मी धजणार नाही. जुनी झाडं बियांपासून आलेली असतात. रायवळ आंब्याच्या झाडांसारखं समजा: शेजारशेजारची दोन झाडं, पण एकाचं फळ दुसऱ्यासारखं नाही. ताईदी मळ्यात मात्र बरीचशी लागवड एकाच निवडक झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या रोपांची, म्हणजे कलमी हापूसची बाग. शिवाय जुनं झाड सावलीत असतं, त्याला खत नसतं, मुळं खोल असतात, वाढ मंद असते. सावलीत पानातला तुरटपणा कमी राहतो आणि गोडसर चव देणारी द्रव्यं जास्त टिकतात. म्हणजे कपात जे चांगलं लागतं त्यात सावलीचा वाटा किती, मातीचा किती, बियांच्या सरमिसळीचा किती, हे सोडवता येत नाही. चांगल्या चहावनाचा माल तोंडात दाट लागतो, कडवटपणा येतो आणि पटकन विरून घशात गोडवा उरतो, आणि एकाच पानांवर दहा-बारा वेळा पाणी घातलं तरी चव धरून राहते. ताईदी मालात सुरुवात जोरात असते, पाचव्या-सहाव्या पाण्याला दम संपतो. एवढं डोळे बांधूनही सांगता येतं. पण तीनशे वर्षांचं झाड आणि आठशे वर्षांचं झाड यांतला फरक मी जिभेने सांगू शकत नाही. सांगू शकतो म्हणणारा चहा विकत असतो.

तुमच्या चकतीचं गणित करू. नेहमीची चकती 357 ग्रॅमची असते. अशा सात चकत्यांचा बांबूच्या सालीत बांधलेला गठ्ठा होतो. साधारण सव्वाचार किलो ओल्या पानांपासून एक किलो सुका चहा मिळतो, म्हणजे एका चकतीला दीड किलो ओली पानं लागली. एखाद्या मोठ्या झाडाने वसंतात दहा किलो पानं दिली असं धरलं तरी त्याच्या चकत्या सहा-सात होतील. खरोखर बाराशे वर्षांचं एखादं झाड असेल, तर त्याच्या वर्षभराच्या सहा-सात चकत्या दुकानाच्या काउंटरवर ठेवून विकल्या जात नाहीत. त्या झाडाच्या मालकाला तुमच्या जावयांपेक्षा कितीतरी मोठं गिऱ्हाईक आधीच मिळालेलं असतं. त्यामुळे वेष्टनावरचा आकडा सोडून द्या. त्यावर गावाचं किंवा डोंगराचं नाव, खुडणीचं वर्ष आणि हंगाम, चकती दाबल्याची तारीख आणि कारखान्याचं नाव आहे का ते जावयांकडून वाचून घ्या. या चार गोष्टी असतील तर माल जबाबदार माणसाने केलेला असण्याची शक्यता बरी. नुसतं म्हाताऱ्या झाडाचं चित्र आणि आकडा असेल तर तो ताईदीचा किंवा सरमिसळ माल समजा. तोही पिण्यालायक असू शकतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आपल्याकडचा. याचं उत्तर मला थोडं त्रास देतं.

आपल्याकडे अशी झाडं होती. वरच्या आसामात आणि आजच्या अरुणाचलच्या चांगलांग भागात सिंगफो लोक जंगलातल्या झाडांची पानं खुडून चहा करत. पानं कढईत परतायची, मळायची, उन्हात वाळवायची, बांबूच्या नळीत ठासून भरायची आणि ती नळी चुलीवर धुरात टांगायची. नळीच्या आत चहाची काळी कांडी तयार होते, हवी तेवढी कापून उकळायची. याला ते 'फालाप' म्हणतात, आणि आजही करतात. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला सिंगफो सरदार बिसा गाम याच्याकडून या झाडांचा पत्ता लागला. ब्रूस लगेच पुढच्या वर्षी वारला, त्याचा भाऊ चार्ल्स याने काम पुढे नेलं. डिसेंबर 1834 मध्ये सरकारी समितीने आसामात चहा मूळचाच आहे अशी ग्वाही दिली, आणि 10 जानेवारी 1839 रोजी लंडनला आसाम चहाचा पहिला लिलाव झाला.

चार्ल्स ब्रूसने 1839 च्या सुमारास 120 ठिकाणी चहाचे पट्टे माहीत झाल्याचं लिहून ठेवलं आहे. त्याला भेटलेल्या सर्वांत मोठ्या झाडाचा घेर त्याने दोन हात आणि उंची चाळीस हात नोंदवली. चाळीस हात म्हणजे साठ फूट! म्हणजे उंचीला युन्नानच्या राजांच्या तोडीचं झाड. आणि त्याच नोंदींत पुढे काय, तर जंगल साफ करून झाडं तोडली, जाळली, तर बुडातून कोवळे फुटवे जोमाने येतात आणि पानं हाताशी मिळतात. मळेवाल्याच्या नजरेने हा शोध बिनचूक होता. त्या नजरेतूनच आपला चहाउद्योग उभा राहिला, आणि उंच झाडांची गोष्ट तिथेच संपली. जमीन मळ्यांच्या नावे झाली, सिंगफोंच्या हातून पट्टे गेले. मणिराम देवान, स्वतःचे मळे काढणारा पहिला आसामी माणूस, 1858 मध्ये जोरहाटला फासावर गेला. ज्यांच्याकडे झाड सांभाळायचं कारण होतं त्यांच्याकडे झाडावरचा हक्क उरला नाही.

गेल्या दशकातल्या जनुकीय अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली आहे: भारतातला आसामी चहा आणि युन्नानचा मोठ्या पानाचा चहा हे दिसायला सारखे असले तरी वेगवेगळ्या वंशांचे आहेत, आणि दोन्हीकडे लागवड स्वतंत्रपणे सुरू झालेली दिसते. म्हणजे पुण्याच्या अमृततुल्यात आपण जो दाणेदार सीटीसी पितो, त्याचं आजोळ चीनमध्ये नाही, ते या सिंगफो रानांत आहे. असं असताना त्या रानांतल्या उरल्यासुरल्या झाडांची गावनिहाय नोंद हा आपल्या चहाखात्याचा पहिला विषय असायला हवा होता. जोरहाटच्या तोकलाई चहा संशोधन केंद्राने 1911 पासून मोलाचं काम केलं, पण त्याचा रोख स्वाभाविकपणे उत्पादनावर राहिला. 1949 मध्ये त्यांनी टीव्ही-1 आणि त्याच्या जोडीची, बियांऐवजी फांद्यांपासून रोपं करायची वाणं दिली. पुढे मळे अशा वाणांनी भरत गेले आणि गुटी बाऱ्यांची गरज संपत गेली. बऱ्याच बाऱ्यांवर आज नवी लागवड आहे.

दार्जिलिंगचा मामला वेगळा. तिथला चहा परका. दार्जिलिंगचा ब्रिटिश अधिकारी डॉ. कॅम्बेल याने 1841 मध्ये चिनी बियाणं लावून पाहिलं, 1856 मध्ये आलुबारीचा मळा निघाला आणि मग पुढच्या वीस-तीस वर्षांत डोंगर भरले. त्या काळातली चिनी झुडपं कित्येक उतारांवर अजून उभी आहेत आणि पानं देतात. इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. प्रत्येक तुकड्याचं लागवडीचं साल मळ्याच्या दप्तरात लिहिलेलं असतं, पुष्कळदा शेतातल्या पाटीवरही. युन्नानच्या कुठल्याही राजाकडे जन्मदाखला नाही, आमच्या दार्जिलिंगच्या झुडपांकडे तो आहे. आणि त्याचं आपण काय करतो? तिकडे शंभरी गाठलेल्या झाडाला कायद्याचं कवच मिळतं. आपल्याकडे 2007 मध्ये जो खास निधी काढला तो पन्नाशी ओलांडलेली झुडपं उपटून नवी लावण्यासाठी.

मळेवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. शंभर-सव्वाशे वर्षं गुडघाभर उंचीवर छाटलेल्या झुडपाचं खोड गाठीगाठीचं आणि कुजकं होतं, मधली मधली मरून खिंडारं पडतात, उत्पन्न घसरतं, आणि मजुरी तर दर आठवड्याला द्यावीच लागते. शिवाय एव्ही-2 किंवा पी-312 सारख्या नव्या वाणांचा फुलांचा गंध बाजारात जास्त भाव खातो. पण जुन्या चिनी तुकड्याचा जूनमधला माल, तो द्राक्षासारखा गडद वास, नव्या वाणांत मला तसा मिळालेला नाही. प्रत्येक मळ्याने निदान एक तुकडा जन्मदाखल्यासकट ठेवावा आणि त्याचा माल वेगळा, त्या सालाच्या नावाने विकावा. वर्षं खरी असतील तर त्यावर पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे. तुमच्या जावयांनी खोट्या वर्षांवर मोजलेच ना!

राहिला तिसरा प्रश्न, प्यायचं की ठेवायचं. प्या. पु-अर जुना होतो तसा सुधारतो हे खरं, पण ते कच्च्या, म्हणजे 'शंग' प्रकाराला लागू आहे, आणि तेही नेमस्त दमट, वास नसलेल्या जागेत. पान हिरवट-करडं असेल आणि पाणी सोनेरी येत असेल तर चकती शंग आहे. पान काळपट तांबूस आणि पाणी कॉफीसारखं असेल तर ती 'शू' आहे, म्हणजे ढीग लावून, ओला करून आधीच आंबवलेली. ही पद्धत 1973 मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली, आणि अशा मालाला पुढे पिकायला फारसं काही उरत नाही. तुम्ही ठाण्यात राहता. जुलै-ऑगस्टच्या हवेत उघड्या चकतीला बुरशी धरायला पंधरवडा पुरतो. थोडी ठेवायचीच असेल तर वेष्टनासकट कागदाच्या खोक्यात, बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि पावसाळ्यापुरती डब्यात बंद करा. स्वयंपाकघरात अजिबात नको. गोडा मसाला आणि हिंग चहात उतरतो आणि मग निघत नाही.

चकती फोडताना सुरीने कापू नका, कडेने टोकदार काहीतरी घालून पापुद्रे सोडवा. पाच ग्रॅम पानं, शंभर मिली उकळतं पाणी. पहिलं पाणी लगेच ओतून द्या, दुसरं दहा सेकंदांत गाळा, पुढे प्रत्येक वेळी थोडं वाढवत न्या. साखर-दूध नको. आठव्या पाण्याला चव शिल्लक असेल तर माल चांगला आहे, झाडाचं वय काही का असेना.